ॲपलॅचियन डोंगरी लोकांची ओळख : ती कोणी लिहिली ?

प्रस्तुत लेखाचा विषय या त्रैमासिकाच्या नेहमींच्या क्षेत्राबाहेरचा आहे, हें प्रारंभींच कबूल केलेलें बरें. सनदा, महजर, करीने व पोथ्या यांची जेथें चर्चा व्हावयाची, तेथें अमेरिकेंतील एका डोंगरी मुलखाचें काय प्रयोजन, असें कोणी विचारील. त्यास उत्तर एवढेंच कीं, एखाद्या लोकसमूहाची ओळख कशी तयार होते, ती कोण लिहितो, आणि ती लिहितांना कोणतीं साधनें उचललीं जातात व कोणतीं टाकलीं जातात, हा प्रश्न सर्वच संशोधकांचा आहे. आणि त्या दृष्टीनें ॲपलॅचियन लोकांइतकें बोधप्रद उदाहरण क्वचितच सांपडेल.

दुसरें कारण खासगी आहे. प्रस्तुत लेखक शाळेंत शिकवीत असतां मुलांस मोठ्या हौसेनें सांगत असे कीं, अमेरिकेच्या पूर्वेकडील डोंगरांत असे लोक राहतात कीं, जे अद्यापि शेक्सपियरच्या काळची इंग्रजी बोलतात. एका जुन्या पुस्तकांत तें वाचलें होतें. आणि तें इतकें गोड होतें कीं, पडताळून पाहण्याची बुद्धि झाली नाहीं. सेवानिवृत्तीनंतर सवड मिळाली तेव्हां पडताळून पाहिलें. विधान टिकलें नाहींच. उलट त्याच्या पाठीमागें एक मोठें प्रकरण उभें असल्याचें दिसून आलें. तें प्रकरण वाचकांपुढें मांडणें म्हणजे स्वतःच्या एका जुन्या चुकीची दुरुस्ती करणें आहे.

१. नांव व प्रदेश

ॲपलॅचियन पर्वताची रांग उत्तर अमेरिकेच्या पूर्व भागांत, समुद्रकिनाऱ्यास साधारण समांतर, कॅनडापासून दक्षिणेस अलाबामा संस्थानापर्यंत पसरलेली आहे. ती फार उंच नाहीं. तिचें सर्वोच्च शिखर मौंट मिचेल हें उत्तर कॅरोलिना संस्थानांत असून त्याची उंची ६,६८४ फूट आहे. परंतु रांगेमागें रांग, मधून अरुंद खोरीं, आणि आंत जावयास थोड्याच खिंडी, अशी तिची रचना असल्यामुळें पूर्वीं दळणवळण बिकट असे.

या पर्वताच्या नांवापासूनच आपल्या प्रश्नास प्रारंभ होतो. इ. स. १५२८ त नार्वाएझ नांवाच्या स्पॅनिश सरदाराची मोहीम फ्लोरिडाच्या किनाऱ्यास लागली. सोनें कोठें मिळतें असें विचारतां, तेथील लोकांनीं उत्तरेकडे 'अपालाची' मुलखाकडे बोट दाखविलें. हे अपालाची लोक उत्तर फ्लोरिडांत शेती करून राहत. डोंगरांशीं त्यांचा संबंध नव्हता, आणि सोनेंही त्यांच्यापाशीं नव्हतें. पण नांव युरोपांत पोंचलें, आणि इ. स. १५६२ त दिएगो गुतिएरेझ याच्या नकाशावर तें उत्तरेकडील डोंगरांजवळ जाऊन बसलें. पुढें इ. स. १७०४ मध्यें कॅरोलिनांतील इंग्रजांनीं व त्यांच्या सहाय्यकांनीं केलेल्या स्वाऱ्यांत मूळच्या अपालाची लोकांची वस्ती उद्ध्वस्त झाली. ज्यांचें नांव, ते उरले नाहींत. ज्यांस तें चिकटलें, त्यांनीं तें घेतलेलें नव्हतें.

नांवाच्या उच्चारावरूनही तंटा आहे. दक्षिणेकडील डोंगरी लोक 'ॲपलॅचा' म्हणतात. उत्तरेकडील व शहरवासी 'ॲपलेशा' म्हणतात. बोलणारा घरचा कीं परका हें दक्षिणेंत या एका शब्दावरून ओळखलें जातें. शिवाय, हा शब्द येथील माणसाच्या तोंडीं स्वतःविषयीं फारसा नसेच. तो आपल्या ओढ्याचें, खोऱ्याचें किंवा कौंटीचें नांव सांगे, आणि कोणत्या घराण्याचा तें सांगे.

सरकारी सीमा तर अगदींच अलीकडची आहे. इ. स. १९६५ त अमेरिकेच्या मध्यवर्ती सरकारानें दारिद्र्यनिवारणार्थ ॲपलॅचियन प्रादेशिक आयोग स्थापिला. त्याच्या सीमेंत आज १३ संस्थानांतील ४२३ कौंट्या येतात व लोकसंख्या सुमारें २ कोटि ६० लक्ष भरते. यांपैकीं संपूर्णपणें सीमेच्या आंत असें एकच संस्थान आहे, तें पश्चिम व्हर्जिनिया. उलट मिसिसिपी संस्थानाचा कांहीं भाग इ. स. १९६७ मध्यें या सीमेंत आला, जरी त्याचा या डोंगरांशीं संबंध बेताचाच आहे. अनुदान जेथवर पोंचलें तेथवर प्रदेश वाढला, असें म्हटल्यास फारसें चुकणार नाहीं. प्रस्तुत लेखांत मुख्यतः मध्य व दक्षिण भाग, म्हणजे पश्चिम व्हर्जिनिया, पूर्व केंटकी, पूर्व टेनेसी, पश्चिम उत्तर कॅरोलिना, नैर्ऋत्य व्हर्जिनिया व उत्तर जॉर्जिया, एवढाच विचारांत घेतला आहे.

२. वस्तीचा क्रम

या डोंगरांच्या दक्षिण भागांत गोऱ्या लोकांपूर्वीं चेरोकी लोकांची वस्ती होती. इ. स. १७६३ त इंग्लंडचा राजा तिसरा जॉर्ज यानें जाहीरनामा काढून पर्वताच्या पाणवठ्याच्या पलीकडे, पश्चिमेस, वसाहत करण्यास मनाई केली. ती कोणी पाळली नाहीं. इ. स. १७७५ मध्यें डॅनियल बून यानें कंबरलंड खिंडींतून वाट पाडली व त्या वाटेनें केंटकीकडे लोकांचा ओघ सुरू झाला.

हे लोक कोण ? सर्वांत मोठा वाटा आयर्लंडच्या उत्तरेकडील अल्स्टर प्रांतांतून आलेल्यांचा. यांचे पूर्वज सतराव्या शतकांत बहुतांशीं स्कॉटलंडांतून अल्स्टरांत नेऊन वसविलेले प्रॉटेस्टंट शेतकरी होते. इ. स. १७१७ पासून १७७५ पर्यंत एक लक्षाहून अधिक अल्स्टरवासी अमेरिकेंत उतरले, व पेन्सिल्व्हेनियांतून डोंगरांमधल्या मोठ्या खोऱ्यानें नैर्ऋत्येकडे पसरले. त्याच वाटेनें जर्मन आले. किनाऱ्यावरून इंग्रज आले. मालकांबरोबर आफ्रिकी वंशाचे गुलाम आले. पुढें खाणी निघाल्यावर इटालियन, हंगेरियन व पोलिश मजूर आले.

याचा पुरावा कागदांतच आहे असें नाहीं; घरांतील वस्तूंतही आहे. मांडीवर घेऊन वाजवावयाचें 'डल्सिमर' नांवाचें तंतुवाद्य या डोंगरांचें खास वाद्य समजलें जातें. त्याचें मूळ जर्मनांच्या 'शाइटहोल्ट' नांवाच्या वाद्यांत सांपडतें. बँजो हें तर डोंगरी गवयाचें चिह्नच होऊन बसलें आहे. तें आफ्रिकेंतून आलेल्या गुलामांनीं भोपळ्याच्या वाद्यापासून अमेरिकेंत आणलें. मका व त्याची लागवड येथील मूळ लोकांची. त्याच मक्यापासून दारू गाळण्याची विद्या अल्स्टरची. म्हणजे ज्या चार वस्तूंवरून डोंगरी मनुष्य ओळखला जातो, त्या चार वस्तूंस चार मुलुख लागतात.

३. 'आपले समकालीन पूर्वज'

अशा या मिश्र समाजास 'शुद्ध' कसें ठरविण्यांत आलें, हें आतां पाहूं.

अमेरिकेंतील यादवी युद्ध इ. स. १८६५ त संपलें. त्यानंतर उत्तरेकडील मासिकांना नव्या नव्या प्रदेशांचीं वर्णनें हवीं होतीं. इ. स. १८७३ त विल वॉलेस हार्नी यानें एका मासिकांत केंटकीच्या डोंगरांतील प्रवासाचा लेख लिहिला. त्याच्या मथळ्याचा अर्थ 'विलक्षण देश व चमत्कारिक लोक' असा होतो. पुढील तीस वर्षांत असे लेख व कथा यांची रीघ लागली. इ. स. १८९९ त बेरिया विद्यालयाचे अध्यक्ष विल्यम गुडेल फ्रॉस्ट यांनीं 'अटलांटिक' मासिकांत 'दक्षिणेकडील डोंगरांतील आपले समकालीन पूर्वज' अशा अर्थाच्या मथळ्याचा लेख लिहिला. डोंगरी लोक म्हणजे अठराव्या शतकांतच थांबून राहिलेले आपले पणजे होत, हा त्याचा आशय. बाहेरच्यांची ही दृष्टि केवळ गौरवाचीच नव्हती. 'हिलबिली', म्हणजे डोंगरांतला गांवंढळ, हा हेटाळणीचा शब्दही छापील स्वरूपांत याच काळांत दिसूं लागतो. पूजा व हेटाळणी एकाच सुमारास सुरू झाली.

फ्रॉस्ट यांचा हेतु वाईट होता असें म्हणवत नाहीं. विद्यालयास पैसा हवा होता, आणि देणारे उत्तरेकडील श्रीमंत लोक होते. परंतु एक गोष्ट नोंदविली पाहिजे. बेरिया हें इ. स. १८५५ त गुलामगिरीच्या विरोधकांनीं स्थापिलेलें विद्यालय. यादवी युद्धानंतर तेथें गोरे व कृष्णवर्णी विद्यार्थी एकत्र शिकत. इ. स. १९०४ मध्यें केंटकीच्या कायदेमंडळानें असें एकत्र शिक्षण बंद करणारा कायदा केला व इ. स. १९०८ त अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानें तो उचलून धरला. म्हणजे डोंगरी गोऱ्यांचें 'शुद्ध पूर्वजपण' ज्या वर्षांत गाजत होतें, त्याच वर्षांत त्याच विद्यालयांतून कृष्णवर्णी विद्यार्थ्यांस बाहेर जावें लागलें.

इ. स. १९७८ त हेन्री शपिरो या इतिहासकारानें या सर्व लेखनाची छाननी करून असें प्रतिपादन केलें कीं, 'ॲपलॅचिया' नांवाचा वेगळा सांस्कृतिक प्रांत ही मुख्यतः बाहेरच्या लेखकांनीं व मिशनऱ्यांनीं तयार केलेली कल्पना होय. हें मत सर्वांस सर्वांशीं मान्य नाहीं. परंतु त्यानंतर कोणासही जुन्या वर्णनांवर डोळे मिटून विसंबतां आलेलें नाहीं.

४. गाणीं : जें वेंचलें व जें टाकलें

आतां गाण्यांकडे वळूं. इंग्लंडांतील जुन्या पोवाडेवजा कथागीतांचा इतिहास हस्तलिखितांच्या संग्राहकांस मनोरंजक वाटेल. अठराव्या शतकांत टॉमस पर्सी यास श्रॉपशायरमध्यें हंफ्री पिट नांवाच्या गृहस्थाच्या घरीं एक जुनें बाड सांपडलें. मोलकरणी त्याचीं पानें फाडून विस्तव पेटवीत होत्या. आपल्याकडील किती रुमाल वाण्याच्या पुड्यांत गेले, हें या वाचकांस सांगावयास नको. त्या अर्धवट फाटक्या बाडाच्या आधारें पर्सीनें इ. स. १७६५ त आपला प्रसिद्ध संग्रह छापिला. पुढें हार्वर्ड विद्यापीठांतील फ्रान्सिस जेम्स चाइल्ड यानें हस्तलिखितें व छापील पत्रकें धुंडाळून ३०५ कथागीतांची पाठभेदांसह चिकित्सक आवृत्ति इ. स. १८८२ ते १८९८ या काळांत प्रसिद्ध केली. लोकांच्या मुखांतून आतां फारसें कांहीं मिळावयाचें नाहीं, कागदांवरच विसंबलें पाहिजे, अशी त्याची समजूत होती.

त्याच्यानंतर दहाच वर्षांत केंटकीच्या नॉट कौंटींतील हिंडमन गांवच्या शाळेंत ऑलिव्ह डेम कॅम्बेल या बाईंनीं एका विद्यार्थिनीच्या तोंडून 'बार्बरा ॲलन' हें गीत ऐकिलें. चाइल्डच्या क्रमांत हें ८४ वें. याच गीताचा उल्लेख लंडनच्या सॅम्युएल पीप्स यानें आपल्या रोजनिशींत २ जानेवारी १६६६ रोजीं केला आहे. बाई गाणीं टिपूं लागल्या. त्यांचा संग्रह पाहून इंग्लंडांतील सेसिल शार्प हे गृहस्थ चकित झाले, व इ. स. १९१६ ते १९१८ या काळांत मॉड कार्पेलीझ या सहायिकेसह ४६ आठवडे डोंगरांत पायीं हिंडून त्यांनीं सुमारें १,६०० चाली टिपून घेतल्या. शार्प व कॅम्बेलबाई यांचा संग्रह इ. स. १९१७ त निघाला; त्याची वाढविलेली आवृत्ति शार्प यांच्या मृत्यूनंतर इ. स. १९३२ त निघाली. ज्या गीतांचा मुखपाठ संपला असें कागदांच्या पंडितांस वाटलें होतें, तीं समुद्रापलीकडे बायका चुलीपाशीं बसून गात होत्या.

हें काम थोर आहे. त्याबद्दल ऋण मानलेंच पाहिजे. परंतु शार्प इंग्रजी गीतें शोधीत होते, म्हणून त्यांस इंग्रजी गीतें सांपडलीं. देवळांतील भजनें त्यांनीं बहुधा सोडून दिलीं. बँजो व सारंगीच्या वाजविण्यास त्यांच्या संग्रहांत जागा थोडी. एकदां बरीच डोंगरचढ करून ते एका वस्तींत पोंचले, व ती कृष्णवर्णी लोकांची आहे असें दिसतांच श्रम फुकट गेल्याबद्दल हळहळत परत फिरले, असें त्यांच्याच टांचणांत आहे. आणि याच प्रवासांत, इ. स. १९१८ त व्हर्जिनियामध्यें, पूर्वीं गुलाम असलेल्या एका पंचाऐंशी वर्षांच्या कृष्णवर्णी वृद्धेचें गाणें ऐकून त्यांनीं तिच्या गळ्याची मनापासून स्तुति केली आहे. शोधक प्रामाणिक होता. पण चाळणीचीं भोंकें ठरलेलीं होतीं.

चाळणी वेगळी असती तर काय मिळालें असतें, हें इ. स. १९२७ नंतर दिसून आलें. त्या वर्षीं टेनेसी व व्हर्जिनिया यांच्या सीमेवरील ब्रिस्टल गांवीं ध्वनिमुद्रिका काढण्यांत आल्या व कार्टर कुटुंब प्रसिद्धीस आलें. त्यांतील ए. पी. कार्टर पुढें गाणीं जमवीत गांवोगांव हिंडत, तेव्हां त्यांच्याबरोबर लेस्ली रिडल हा कृष्णवर्णी वादक असे. शब्द कार्टर लिहून घेत, चाल रिडल ध्यानांत ठेवी. ज्यास जग 'शुद्ध डोंगरी संगीत' म्हणतें, त्याचा अर्धा भाग असा एका माणसाच्या स्मरणांत राहिला होता, आणि मुद्रिकेवर त्याचें नांव नव्हतें.

५. भाषा

आतां प्रस्तुत लेखकाच्या चुकीकडे. डोंगरी बोलींत जुनीं रूपें आहेत हें खरें. 'इट' या सर्वनामाचें 'हिट', 'हेल्प्ड' ऐवजीं 'होल्प', 'अफ्रेड' ऐवजीं 'अफियर्ड', हीं रूपें जुन्या इंग्रजी ग्रंथांतही सांपडतात. परंतु यावरून ती राणी एलिझाबेथच्या काळची भाषा ठरत नाहीं. राणी वारली इ. स. १६०३ त, डोंगरांतील वस्ती झाली अठराव्या शतकांत, आणि वसाहत करणाऱ्यांत सर्वांत मोठा गट लंडनकडचा नव्हे, अल्स्टरकडचा. मायकेल माँट्गोमेरी या भाषाशास्त्रज्ञानें दाखविलें कीं, या बोलीच्या व्याकरणाचा मोठा भाग स्कॉटलंड व अल्स्टर यांच्या बोलींशीं जुळतो. 'माइट कुड' अशीं दोन सहायक क्रियापदें जोडून वापरणें, अनेकांस उद्देशून 'यू-उन्स' म्हणणें, घर आवरण्यास 'रेड अप' म्हणणें, हीं त्याचीं उदाहरणें. आणि पुष्कळसा भाग कोठूनच आलेला नाहीं; तो अमेरिकेंतच नवा घडला आहे.

जुनें रूप प्रत्येक बोलींत कोठें ना कोठें राहतेंच. तंजावरकडील मराठी मंडळींच्या बोलण्यांत जुने प्रयोग टिकले आहेत. म्हणून ती मंडळी व्यंकोजी राजांच्या काळांत राहतात, असें आपण म्हणत नाहीं. भाषेंत आर्ष रूप असणें निराळें, आणि बोलणारा आर्ष असणें निराळें.

या बोलीचा खरा संग्रह कसा झाला तेंही पाहण्याजोगें आहे. ग्रेट स्मोकी पर्वतांत राष्ट्रीय उद्यान करण्याकरितां तेथील रहिवाशांस उठविण्यांत आलें, तेव्हां इ. स. १९३७ पासून जोसेफ हॉल यानें त्यांचें बोलणें टिपून घेण्यास व ध्वनिमुद्रित करण्यास आरंभ केला. त्या सामग्रीवर आधारलेला हॉल व माँट्गोमेरी यांचा कोश इ. स. २००४ त निघाला, व अधिक विस्तृत कोश इ. स. २०२१ त. लोक उठले तेव्हां बोली टिपली गेली. ही संग्रहाची खंत सर्वत्र सारखीच आहे.

६. चेरोकी चोपड्या

'डोंगरी लोक निरक्षर व जुनाट' असें मासिकें लिहीत असतां त्याच डोंगरांत हस्तलिखितांची एक परंपरा चालूं होती. सिक्वोया नांवाच्या चेरोकी गृहस्थास इंग्रजी वाचतां येत नव्हतें. पण गोरे लोक कागदावर बोलणें उतरवितात हें पाहून त्यानें स्वबुद्धीनें आपल्या भाषेसाठीं लिपि रचिली व इ. स. १८२१ त पूर्ण केली. तींत ८६ चिह्नें होतीं. एक पुढें वगळलें गेलें. संस्कृत वर्णमालेच्या अभ्यासकास तिची रचना पाहून आनंद होतो. तिच्यांतील बहुतेक चिह्नें एकेका व्यंजनाची नसून स्वरयुक्त व्यंजनाचीं, म्हणजे आपल्या अर्थानें 'अक्षरा'चीं आहेत. फरक एवढाच कीं, आपण 'क'ला मात्रा जोडून 'कि', 'कु', 'के' करतों, आणि सिक्वोयानें प्रत्येकास निराळीच आकृति दिली. लिपि थोड्याच काळांत लोकांत पसरली, व इ. स. १८२८ त जॉर्जियांतील न्यू इचोटा येथून तिच्यांत व इंग्रजींत वृत्तपत्र निघूं लागलें.

दहाच वर्षांनीं, इ. स. १८३८-३९ मध्यें, सरकारी फौजेनें चेरोकी लोकांस घरांतून काढून मिसिसिपी नदीच्या पलीकडे हांकलून नेलें. वाटेंत हजारों मेले. थोडे लोक उत्तर कॅरोलिनाच्या डोंगरांत राहिले व त्यांचे वंशज तेथें आजही आहेत. इ. स. १८८७-८८ त जेम्स मूनी हा संशोधक त्यांच्यांत जाऊन राहिला. 'स्विमर' या इंग्रजी नांवानें ओळखल्या जाणाऱ्या एका वैद्य-पंचाक्षऱ्यापाशीं सुमारें २४० पृष्ठांची एक चोपडी निघाली. निम्मी भरलेली, सिक्वोयाच्या अक्षरांत. तींत रोगांवरील मंत्र, गीतें, शिकारीचे व प्रेमाचे तोडगे होते. ती द्यावयास तो प्रथम नाखूष होता. मूनीनें अशा अनेक चोपड्यांतून सुमारें ६०० मंत्र जमविले व त्यांतील निवडक इ. स. १८९१ त प्रसिद्ध केले. स्विमरची चोपडी संपूर्ण संपादून निघावयास मात्र इ. स. १९३२ उजाडलें, म्हणजे ज्या वर्षीं शार्पचा मोठा संग्रह निघाला तेंच वर्ष. एकाच डोंगराचीं दोन साधनें एकाच वर्षीं छापलीं गेलीं. पण 'ॲपलॅचियन परंपरा' म्हणून गाजला तो पहिलाच ग्रंथ.

७. एका त्रैमासिकाची गोष्ट

पश्चिम व्हर्जिनियाच्या कोळशाच्या खाणींत एक कृष्णवर्णी तरुण काम करीत असे. संध्याकाळीं खाणकामगार एका सोबत्याच्या घरीं जमत. त्यांतील अनेकांनीं यादवी युद्ध पाहिलें होतें. हा तरुण त्यांस वर्तमानपत्रें वाचून दाखवी व त्यांच्या आठवणी ऐके. तोच पुढें इतिहासकार कार्टर वुड्सन झाला. त्यानें इ. स. १९१५ त कृष्णवर्णी लोकांच्या इतिहासाच्या अभ्यासासाठीं मंडळ स्थापिलें व इ. स. १९१६ त त्याचें त्रैमासिक काढलें. त्याच्या पहिल्याच वर्षीं ॲपलॅचियन प्रदेशांतील स्वातंत्र्य व गुलामगिरी यांवर त्याचा लेख आहे. शार्प डोंगरांत आले तेंही हेंच वर्ष. एकाच काळीं एकजण डोंगरांत इंग्लंड शोधीत होता, आणि डोंगरांतून आलेला दुसरा तेथील गुलामगिरीचा इतिहास लिहीत होता. पण कृष्णवर्णी लोकांस ॲपलॅचियन गणण्यास पुष्कळ काळ जावा लागला, इ. स. १९९१ मध्यें फ्रँक एक्स. वॉकर या केंटकीच्या कवीस त्याकरितां 'ॲफ्रिलॅचियन' असा नवा शब्दच घडवावा लागला.

८. खतें

शेवटीं ज्या साधनाकडे वर्णनकारांनीं बहुधा पाहिलेंच नाहीं त्याकडे येऊं. तें म्हणजे जमिनीचीं खतें. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आगगाडी डोंगरांत शिरूं लागली, तेव्हां खरेदीदारांचे मुखत्यार घरोघर फिरून भूमीखालील खनिजांचे हक्क विकत घेऊं लागले. दर एकरीं अर्ध्या डॉलरापासून कांहीं थोड्या डॉलरांपर्यंत. केंटकींत या खतांच्या विशिष्ट नमुन्यास 'ब्रॉड फॉर्म' खत म्हणत. शेत, घर व झाड मालकाचें राही. खालचें सर्व विकलें जाई. आणि खनिज काढण्यासाठीं जें जरूर किंवा सोयीचें वाटेल तें करण्याची मुभा खरेदीदारास मिळे. विकणाऱ्यांपैकीं अनेकांस लिहितां वाचतां येत नव्हतें; खतांवर त्यांची फुली आहे.

ज्यांनीं खतें करून दिलीं त्यांस भुयारी खाण माहीत होती. विसाव्या शतकांत यंत्रें आलीं व डोंगर वरूनच उकरून काढण्याची रीत पडली. जुन्या खतांत ही रीतही बसते, असें केंटकीच्या न्यायालयानें इ. स. १९५६ त ठरविलें. आजानें फुली केली. नातवाचें शेत, आणि कोठें कोठें घराण्याची स्मशानभूमीही, यंत्राखालीं गेली. इ. स. १९६५ त ऑली कोम्ब्स या विधवा बाई आपल्या घरावरील उतारावर यंत्रापुढें जाऊन बसल्या. शिपायांनीं त्यांस उचलून नेलें व त्यांचें तें छायाचित्र वर्तमानपत्रांत गाजलें. ही गोष्ट नॉट कौंटींतील आहे. ज्या कौंटींत कॅम्बेलबाईंनीं 'बार्बरा ॲलन' टिपलें, तीच ही. अखेर इ. स. १९८८ त केंटकीच्या मतदारांनीं घटनादुरुस्ती करून, खतांत स्पष्ट उल्लेख नसल्यास खत झालें त्या काळच्या रीतीनेंच खनिज काढावें, असें ठरविलें. गीत टिपल्यापासून हें होईपर्यंत सुमारें ऐंशी वर्षें गेलीं.

येथें विचार करण्यासारखें असें कीं, 'समकालीन पूर्वज' हें वर्णन व हीं खतें एकाच काळचीं आहेत. वर्णनकारांनीं खतें करविलीं असें म्हणावयाचें नाहीं. पण जो मनुष्य काळाबाहेर राहतो असें एकदां ठरलें, त्याच्या दारिद्र्याचें कारण शोधावयास कोणी दप्तरखान्यांत जात नाहीं. त्याचें दारिद्र्य त्याच्या स्वभावांत आहे असें समजलें जातें.

९. उपसंहार

पुढें डोंगरी लोकांनीं स्वतःच साधनें गोळा करावयास आरंभ केला. इ. स. १९६६ त जॉर्जियांतील राबन कौंटींतील एका शाळेच्या मुलांनीं आपल्या आजा-आज्यांकडून लांकडी घर कसें बांधावें, साबण कसा करावा, औषधी मुळ्या कोणत्या, हें विचारून 'फॉक्सफायर' नांवाचें नियतकालिक काढलें. त्यावरून झालेलें पुस्तक इ. स. १९७२ त निघालें व देशभर खपलें. एका जुन्या शिक्षकास याहून सुखकर काय असणार ? इ. स. १९८१ त सहा संस्थानांतील ८० कौंट्यांच्या जमिनीच्या नोंदींची तपासणी पूर्ण झाली. ती तेथील रहिवासी व अभ्यासक यांनीं मिळून कौंटी कचेऱ्यांत बसून केली होती. जमीन व खनिजें थोड्या व बहुधा परस्थ मालकांच्या हातीं एकवटलीं आहेत, आणि खनिजांवरील कर अत्यल्प आहे, असें तींत निष्पन्न झालें. शाळेसाठीं पैसा कां नाहीं, याचें उत्तर रक्तांत नव्हतें, रजिस्टरांत होतें.

दरम्यान लक्षावधि लोक पोटासाठीं सिन्सिनाटी, डेट्रॉइट, शिकागो अशा शहरांत गेले. घरीं जो केवळ अमक्या खोऱ्याचा होता, तो तेथें प्रथमच 'ॲपलॅचियन' झाला. सिन्सिनाटी शहरानें इ. स. १९९२ त भेदभावास मनाई करणाऱ्या आपल्या कायद्यांत ॲपलॅचियन वंशाचा नांवानें समावेश केला. चुकीच्या लोकांवरून पडलेलें, परक्यांनीं लावलेलें नांव अशा रीतीनें कित्येकांनीं आपलेंसें केलें. ओळख बाहेरून आली म्हणून ती खोटीच राहते असें नाहीं. ज्यांची ती, त्यांनीं ती वाचून, दुरुस्त करून सही केली म्हणजे ती खरी होते.

आपणां संग्राहकांस यांतून घेण्यासारखें इतकेंच. गीत हें साधन आहे, चोपडी हें साधन आहे, फुली केलेलें खतही साधनच आहे. यांपैकीं जें गोड तेवढें वेंचलें तर लोकांची मूर्ति तयार होते, इतिहास होत नाहीं. प्रस्तुत लेखकाचे विद्यार्थी आतां पन्नाशीच्या आंतबाहेर असतील. त्यांपैकीं कोणाच्या हातीं हा अंक पडल्यास त्यांनीं शेक्सपियरच्या भाषेची ती गोष्ट खोडून काढावी, आणि आपल्या मुलांस सांगितली असल्यास त्यांच्याकडूनही खोडवून घ्यावी, अशी विनंति आहे.